आयोवाच्या आज्या आणि उद्याचा अंतिम सामना

उद्या, रविवार, ७ एप्रिल २०२४ रोजी, ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहरात अमेरिकेच्या महिला महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना होणार आहे. एका बाजूला साउथ कॅरोलायना विद्यापीठाचा संघ आहे. त्याने या हंगामात ३७ सामने खेळले आहेत आणि सगळेच्या सगळे जिंकले आहेत. दुसऱ्या बाजूला आमच्या गावाचा, म्हणजे आयोवा सिटीतील आयोवा विद्यापीठाचा संघ आहे, ज्याने ३४ सामने जिंकले आणि ४ गमावले. मी या गावात नऊ वर्षे राहते आहे आणि इथे असा आठवडा मी पाहिलेला नाही. वाण्याच्या दुकानात, मुलांच्या शाळेच्या दारात, दवाखान्यात ताटकळत बसलेल्या माणसांत एकच विषय आहे, आणि तो विषय मुलींचा खेळ आहे. आपल्याकडे अशी चर्चा पुरुषांच्या क्रिकेटबद्दलच ऐकत वाढल्यामुळे मला याचे अजूनही फार अप्रूप वाटते, म्हणून सामन्याआधीच हे सविस्तर लिहीत आहे.

स्पर्धेची रचना थोडक्यात सांगते. देशभरातून ६८ संघ निवडले जातात, आणि जो एकदा हरला तो घरी जातो. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झालेली ही स्पर्धा तीन आठवड्यांत संपते. दहा-दहा मिनिटांचे चार डाव असतात. विजेतेपदासाठी सलग सहा सामने जिंकावे लागतात, आणि उद्याचा सामना या दोन्ही संघांचा सहावा आहे.

परंतु आयोवासारख्या मक्याच्या शेतीच्या राज्यात हा खेळ इतका खोल कसा रुजला, हे समजल्याशिवाय उद्याच्या सामन्याचे मोल कळणार नाही. इथे मुलींच्या शालेय बास्केटबॉलची राज्यस्पर्धा १९२० साली सुरू झाली आणि त्यात एक निराळाच खेळ खेळला जात असे. प्रत्येक संघात पाचऐवजी सहा मुली असत. त्यांतील तिघी मैदानाच्या एका अर्ध्यात फक्त आक्रमण करीत आणि उरलेल्या तिघी दुसऱ्या अर्ध्यात फक्त बचाव करीत. मधली रेघ ओलांडण्याची कोणालाच मुभा नव्हती, आणि चेंडू हातात आल्यावर तो दोनदाच टप्पा देऊन पुढे नेता येई. पूर्ण मैदानभर धावणे मुलींच्या प्रकृतीला सोसणार नाही, या त्या काळच्या समजुतीतून हे नियम आले होते. समजूत चुकीची होती, पण त्या चौकटीत आयोवाच्या लहान लहान खेड्यांनी जे उभे केले, ते देशात दुसरीकडे क्वचितच दिसले. राजधानी डे मॉइनमध्ये होणाऱ्या राज्यस्पर्धेला हजारो माणसे लोटत, शेतकरी कुटुंबे दिवसभराचा प्रवास करून येत, आणि गावची मुलगी अंतिम फेरीत असली की गाव ओस पडे. १९६८च्या अंतिम सामन्यात युनियन-व्हिटन शाळेने एव्हर्ली शाळेला जादा वेळेत ११३-१०७ असे हरवले. त्यात विजेत्या संघाच्या डेनिस लाँगने ६४ आणि हरलेल्या संघाच्या जीनेट ओल्सनने ७६ गुण केले होते. पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरियर्स या पुरुषांच्या व्यावसायिक संघाने डेनिस लाँगची निवड जाहीर केली. ती निवड मान्य झाली नाही, परंतु तिचे नाव आयोवात अजून आदराने घेतले जाते. सहा जणींचा हा खेळ आयोवात १९९३ साली कायमचा बंद झाला.

आमच्या शेजारच्या आजी तो खेळ खेळलेल्या आहेत. आज त्यांचे वय ७४ आहे. शाळेची चार वर्षे त्या बचाव करणाऱ्या तिघींपैकी एक होत्या. याचा अर्थ असा की चार वर्षे रोज घाम गाळून, दर आठवड्याला भरलेल्या व्यायामशाळेत सामने खेळूनही त्यांनी आयुष्यात एकही बास्केट केलेले नाही, कारण ज्या अर्ध्या मैदानात बास्केट करायचे, तिथे पाऊल टाकण्याचा त्यांना अधिकारच नव्हता. हे त्यांनी मला पहिल्यांदा सांगितले तेव्हा मी गलबलून गेले होते, मात्र त्यांना स्वतःला त्याचे वाईट वाटत नाही. प्रतिस्पर्धी मुलीला किती वेळा नुसते हात हलवत उभे राहावे लागले, याचा हिशेब त्यांच्याकडे अजून तोंडपाठ आहे. आयोवा संघाची आघाडीची खेळाडू केटलिन क्लार्क हिचे कौतुक त्या करतात, पण सामना पाहताना त्यांची नजर बचाव करणाऱ्या खेळाडूच्या पायांवर असते. मी शाळेत पुण्याला दोन वर्षे बास्केटबॉल खेळले होते, तरी पाय पाहायचे असतात हे मला आयोवाने शिकवले.

याच परंपरेचा धागा उद्या आयोवाच्या बाकावरही बसलेला असेल. मुख्य प्रशिक्षक लिसा ब्लूडर याच राज्यातल्या आहेत आणि २०००पासून हा संघ सांभाळीत आहेत. त्यांच्या सहायक जॅन जेन्सन यांनी १९८७ साली शाळेत असताना सहा जणींच्या खेळात सामन्यामागे सरासरी ६६ गुण केले होते. जेन्सन यांची आजी ऑड्युबन गावाच्या १९२१च्या राज्यविजेत्या संघात होती. आजी १९२१मध्ये, नात १९८७मध्ये, आणि आता त्या नातीने घडवलेल्या मुली २०२४मध्ये राष्ट्रीय अंतिम सामन्यात, अशी ही सरळ रेषा आहे. मधल्या काळात, १९८०च्या दशकात, सी. व्हिव्हियन स्ट्रिंगर या थोर प्रशिक्षक इथे होत्या. १९८५च्या फेब्रुवारीत ओहायो स्टेटविरुद्धच्या सामन्याला २२,१५७ प्रेक्षक आले होते, म्हणजे आज जी गर्दी नवी म्हणून सांगितली जाते, तिची सवय या गावाला आधीपासून होती. स्ट्रिंगर यांनी १९९३ साली आयोवाला उपांत्य फेरीपर्यंत नेले, आणि त्यानंतर तिथे पोहोचायला तीस वर्षे लागली.

ती तीस वर्षे संपवली केटलिन क्लार्कने. ती डे मॉइनला लागून असलेल्या वेस्ट डे मॉइनची, म्हणजे घरचीच मुलगी. तिने गेल्या १५ फेब्रुवारीला मिशिगनविरुद्ध ४९ गुण करीत केल्सी प्लमचा महिला महाविद्यालयीन कारकिर्दीतील सर्वाधिक ३,५२७ गुणांचा विक्रम मागे टाकला, आणि ३ मार्चला पुरुष खेळाडू पीट मॅराविच याचा ३,६६७ गुणांचा विक्रमही मोडला. आज तिच्या नावावर ३,९२१ गुण आहेत. तीन गुणांची रेघ बास्केटपासून पावणेसात मीटरवर असते, आणि क्लार्क त्या रेघेच्याही दोन-तीन मीटर मागून, मैदानाच्या मध्यावरच्या चिन्हाजवळून, सहज चेंडू टाकते. पण माझ्या मते तिचे खरे वैशिष्ट्य तिचे पास आहेत. सहकारी खेळाडू वळून पाहण्याआधीच चेंडू तिच्या हाताशी आलेला असतो. १ एप्रिलला गतविजेत्या लुइझियाना स्टेटविरुद्ध तिने ४१ गुण केले आणि १२ वेळा दुसऱ्यांना गुण मिळवून दिले. आयोवाने तो सामना ९४-८७ असा जिंकून गेल्या वर्षीच्या अंतिम सामन्यातील पराभवाची परतफेड केली. विद्यापीठातील तिचा उद्याचा सामना अखेरचा आहे, कारण ती व्यावसायिक लीगमध्ये जाणार हे तिने फेब्रुवारीतच जाहीर केले आहे.

आता समोरच्या संघाकडे वळू. डॉन स्टेली फिलाडेल्फियाच्या गरीब वस्तीत वाढल्या, खेळाडू म्हणून त्यांनी १९९६, २००० आणि २००४ अशा तीन ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदके मिळवली, आणि २००८पासून त्या साउथ कॅरोलायनाच्या प्रशिक्षक आहेत. २०१७ आणि २०२२ची विजेतेपदे त्यांच्या नावावर आहेत. गेल्या तीन हंगामांत त्यांच्या संघाने १०८ सामने जिंकले आणि फक्त ३ गमावले. त्या तिनांपैकी एक आयोवाने दिलेला आहे. गेल्या वर्षी डॅलसच्या उपांत्य सामन्यात, सलग ४२ विजय मिळवून आलेल्या साउथ कॅरोलायनाला आयोवाने ७७-७३ असे हरवले, आणि क्लार्कने त्यातही ४१ गुण केले. त्या दिवशी आयोवाने एक धाडसी डावपेच लढवला होता. साउथ कॅरोलायनाच्या गार्ड, म्हणजे बास्केटपासून दूर राहून चेंडू पुढे आणणाऱ्या, खेळाडूंना दुरून चेंडू टाकायला मोकळे सोडायचे आणि सगळ्यांनी बास्केटखाली दाटी करायची. त्यांची गार्ड रेव्हन जॉन्सन हिच्या हातात चेंडू असताना तिच्या जवळ जाण्याचीही गरज नाही, असा हात क्लार्कने झटकला, आणि ते दृश्य देशभर पुन्हा पुन्हा दाखवले गेले. साउथ कॅरोलायनाचे त्या दिवशी तीन गुणांचे २०पैकी ४च प्रयत्न यशस्वी झाले. त्या प्रसंगाने आपण किती खचलो होतो, हे जॉन्सनने नंतर स्वतः सांगितले आहे. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला तसे वाटणे स्वाभाविक होते, आणि मी आयोवाची असले तरी तिच्याबद्दल मला मनापासून आपुलकी वाटते, कारण ती त्यानंतर वर्षभर नेमबाजीवर राबली.

म्हणूनच डॅलसचा तो डावपेच उद्या चालेल असे मला वाटत नाही. साउथ कॅरोलायनाच्या डॅलसमधल्या पाचही सुरुवातीच्या खेळाडू निघून गेल्या आहेत, आणि त्यांच्या जागी आलेला संघ वेगळ्या घडणीचा आहे. टेहिना पाओपाओ ही ओरेगनहून आलेली गार्ड दुरून अचूक टाकते, जॉन्सनला आता मोकळे सोडता येत नाही, आणि मिलेझिया फुलवायली ही पहिल्या वर्षाची मुलगी बाकावरून उठून येते आणि क्षणात सामन्याचा नूर पालटते. त्या सगळ्यांच्या मागे उभी आहे ब्राझीलची कमिला कार्दोसो, उंची सहा फूट सात इंच. शुक्रवारच्या उपांत्य सामन्यात नॉर्थ कॅरोलायना स्टेटविरुद्ध मध्यंतरापर्यंत केवळ एका गुणाची आघाडी होती. तिसऱ्या डावात साउथ कॅरोलायनाने २९ गुण केले आणि समोरच्या संघाला ६ करू दिले. सामना ७८-५९ असा संपला. कार्दोसोने पायाच्या दुखण्यावर मात करीत २२ गुण आणि ११ रिबाउंड, म्हणजे बास्केट चुकून परतलेले चेंडू, मिळवले.

त्याच रात्री आयोवाचा सामना कनेक्टिकटशी झाला, आणि तो आम्ही श्वास रोखून पाहिला. नीका म्यूलने क्लार्कला पहिल्या अर्ध्यात ६ गुणांवर जखडून ठेवले होते. त्या वेळी संघाला तारले ते शेजारच्या सीडर रॅपिड्सच्या हॅना स्टुल्कीने, २३ गुण करून. शेवटची ३.९ सेकंद उरली असताना आयोवा एका गुणाने पुढे आणि चेंडू कनेक्टिकटकडे, अशा वेळी आयोवाच्या गॅबी मार्शलला अडवणाऱ्या प्रतिस्पर्धी खेळाडूवर पंचांनी फाउल दिला आणि सामना ७१-६९ असा हाती आला. त्या निर्णयावर देशभर वाद चालू आहे. अडवणारी खेळाडू स्थिर न राहता हलली होती, असे चित्रण पुन्हा पाहिल्यावर माझे मत आहे, मात्र तितक्या उशिरा शिट्टी वाजल्याचे दुःख कनेक्टिकटच्या मुलींना झाले असणार, हेही मला समजते. हा सामना सुमारे १ कोटी ४२ लाख लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिला.

उद्या सामना कुठे ठरेल? माझ्या समजुतीप्रमाणे तो बास्केटखाली, चुकलेल्या चेंडूंवर ठरेल. स्टुल्कीची उंची सहा फूट दोन इंच आहे, म्हणजे कार्दोसोपेक्षा पाच इंच कमी, आणि कार्दोसोला विश्रांती दिली तरी बास्केटखाली दुसरी ताकदवान खेळाडू येते. आयोवाकडे तशी भर नाही. मॉली डेव्हिस ३ मार्चला गुडघ्याला दुखापत होऊन बाहेर बसली आणि सिडनी ॲफोल्टरने तिची जागा उत्तम भरून काढली, पण त्यामुळे राखीव फळी आणखी पातळ झाली. क्लार्क तर जवळजवळ चाळीसही मिनिटे मैदानावर असते. साउथ कॅरोलायना ताज्या दमाच्या मुली पाळीपाळीने तिच्यावर सोडेल आणि शेवटच्या डावात तिचे पाय जड झालेले असतील, अशी मला भीती वाटते. आशा वाटण्याजोगी गोष्ट एकच. याच स्पर्धेत इंडियाना संघ साउथ कॅरोलायनापेक्षा २२ गुणांनी मागे पडला होता, आणि तरीही दुरून अचूक टाकत, चेंडू भराभर फिरवत त्याने ते अंतर भरत आणले. शेवटी तो ७९-७५ असा हरला, पण मार्ग दाखवून गेला. आयोवा त्याच पद्धतीचा आणि त्याहून वेगवान संघ आहे. मनाने मी आयोवाकडे आहे, परंतु प्रामाणिकपणे अंदाज सांगायचा तर साउथ कॅरोलायना आठ-दहा गुणांनी जिंकेल असे मला वाटते. ती जिंकली, तर संपूर्ण हंगाम अपराजित राहून विजेता ठरणारा २०१६नंतरचा हा पहिला संघ असेल.

सामना आमच्याकडे दुपारी दोन वाजता सुरू होईल, म्हणजे भारतात तेव्हा रविवारची मध्यरात्र उलटून साडेबारा वाजलेले असतील. सोमवारी क्लीव्हलँडमधून खग्रास सूर्यग्रहणही दिसणार असल्याने त्या शहरात आधीच पाय ठेवायला जागा नाही. मंगळवारी गुढीपाडवा आहे. इथल्या आम्हा आठ-दहा मराठी कुटुंबांचे पाडव्याचे जेवण रविवारी दुपारी ठरले होते, ते एकमताने सकाळी अकराला आणले आहे. श्रीखंड झाले की सगळे आमच्या घरी सामना पाहायला येतील. शेजारच्या आजी दीड वाजताच येणार आहेत. सामन्याआधीचा सराव त्यांना चुकवायचा नाही, कारण शुक्रवारच्या सामन्यानंतर मार्शलचे पाय कसे आहेत, हे त्यांना आधी पाहून घ्यायचे आहे.