मॉडेल ग्रूमर, नोंद ६ : दोन किलो मीठ

ग्रूमर म्हणजे बर्फातल्या वाटा सपाट करणारं यंत्र. त्याची छोटी प्रतिकृती मी घरी बनवतोय, बर्फाऐवजी परातीतल्या मिठावर चालणारी. मागच्या वेळी तिचे चाकांच्या जागी असलेले चारही पट्टे फिरायला लागले म्हणून पेढे वाटायचेच काय ते राहिले होते. आता रडगाणं ऐका. मागे ड्रॅग (ओढत न्यायची पात्यांची चौकट) जोडला की गाडी नाक वर करते आणि जागच्या जागी मीठ उकरत बसते.

ड्रॅगकडे मीच दुर्लक्ष केलं होतं. खरं तर मिनेसोटात आत्तेभावाकडे गेलो होतो, तेव्हा स्नोमोबाइलच्या (बर्फावर पळणाऱ्या छोट्या गाड्यांच्या) वाटा सपाट करणाऱ्या यंत्रात एक रात्र बसलो, त्याच रात्री कळायला हवं होतं. आपण बघतो ट्रॅक्टर, काम करतो तो ड्रॅग. गाड्यांनी वाटेवर पाडलेले उंचवटे त्याची तिरपी पाती छाटतात. छाटलेला बर्फ या पात्याकडून त्या पात्याकडे लोळत, भुगा होत जातो, त्यातली हवा निघते आणि शेवटचा जड पत्रा तो दाबून बसवतो. बाबांना व्हिडिओ दाखवला तर म्हणाले, "अरे, हा तर पुढे कुळव नि मागे फळी!" सहा महिने मी जे समजावत होतो ते एका वाक्यात.

वेग ताशी ८-१० किलोमीटर. केबिनमध्ये हीटर, त्यामुळे मी नुसत्या स्वेटरवर. काम रात्रीच, कारण तेव्हा थंडी जास्त आणि वर्दळ कमी. नुसतं दाबून भागत नाही, कण एकमेकांना धरायला काही तास लागतात. आम्ही वळलो न वळलो तोच एक स्नोमोबाइल ताज्या वाटेवरून गेली, तेव्हा चालकाकाकांचा चेहरा बघण्यासारखा होता. नुकत्याच पुसलेल्या लादीवरून कुणी चपला घालून गेल्यावर आईचा होतो, अगदी तसा.

तर दुरुस्ती. ओढायचा हूक १४ मिलिमीटर खाली घेतला, बॉनेटखाली मासेमारीची शिशाची वजनं चिकटवली. नाक बसलं. पट्ट्यांचे रबरी बेल्ट मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटवरचेच, उत्तम चाललेत. टकर स्नो-कॅट या बर्फावर चालणाऱ्या गाडीसारखे चार सुटे पट्टे निवडल्याचं समाधान आहे : दोन्ही आस उलट दिशांना वळतात, त्यामुळे वळणावरही चारही पट्टे ओढत राहतात. (१९५७-५८ मध्ये ब्रिटिश संशोधक व्हिव्हियन फुक्स यांच्या तुकडीने अशाच स्नो-कॅट घेऊन ९९ दिवसांत अंटार्क्टिका ओलांडलं. माझी अजून परातीबाहेर पडलेली नाही.)

पाती मिठात दीड मिलिमीटरपेक्षा खोल गेली की मोटर गुदमरते. एक मिलिमीटरवर मात्र मीठ छान लोळलं.

आणि मुंबईची हवा पहिल्यांदाच कामी आली! संध्याकाळी खिडकी उघडी, मीठ ओलसर. रात्रभर एसी, सकाळी वाट टणक. भाच्याची खेळण्यातली जीप फिरवली, चाकाचा ओरखडाही नाही. ड्रॅग जिथे थांबवला होता तिथे मात्र हा एवढा ढीग. पाती चालता चालता उचलायला एक सर्व्हो (हवी तेवढीच फिरणारी छोटी मोटर) लागणार.

तोवर आईला दोन किलो मीठ आणून द्यायचंय.