त्यास की त्यांस

आमच्या जुन्या वृत्तपत्रांच्या संग्रहाकडे एका अभ्यासकांची मागणी आली : १९०० ते १९३० मधल्या मराठी वृत्तपत्रांत ‘मान’ आणि ‘आदर’ हे शब्द कुठे कुठे येतात, ती पाने काढून द्या. डॉ. आंबेडकरांचा ‘मूकनायक’ निघाला ३१ जानेवारी १९२० ला. त्याआधी बहिष्कृत समाजातल्या माणसांची नावे इतर पत्रांत कशी छापत, हे त्यांना पाहायचे होते.

संग्रहातल्या स्कॅन केलेल्या अंकांवर ‘मान’ शोधला, तर वर्तमान, अनुमान, हवामान, मुसलमान, सगळे ओळीने हजर. ‘वर्तमानपत्र’ या शब्दातच ‘मान’ असल्यामुळे जवळजवळ प्रत्येक पान आले. शब्दाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा हवी अशी अट घातली, तर ‘मानाचा’, ‘मानाने’ गळाले. शेवटी प्रत्यय लावून एकेक रूप वेगळे शोधावे लागले.

पण त्या काळच्या बातमीत आदर ‘आदर’ या शब्दात फारसा सापडतच नाही. तो नावाच्या आधी असतो : रा. रा. (राजमान्य राजेश्री), रा. ब. (रावबहादूर), नामदार, मेहेरबान, ह. भ. प., गं. भा. तो ‘म्हणाले’ आणि ‘म्हणाला’ यांत असतो. आणि तो एका अनुस्वारात असतो. ‘त्यास’ म्हणजे नुसता तो, ‘त्यांस’ म्हणजे मानाचे ते. ब्रिटिश सरकारच्या ‘नेटिव्ह पेपर्स’वरच्या, म्हणजे देशी वृत्तपत्रांवरच्या, साप्ताहिक इंग्रजी अहवालांत हे सगळे वाहून गेले आहे, कारण इंग्रजीत दोन्हींना एकच सर्वनाम. तरीही त्या अहवालांवरच मराठी पत्रांबद्दलचे प्रबंध उभे राहतात, याची मला चीड येते. १९०८ च्या खटल्यात टिळकांनी ‘केसरी’च्या लेखांच्या सरकारी भाषांतरातले दोष न्यायालयात दाखवले होते, ते उगाच नव्हे.

आता हे टिंब कुठे हरवते ते सांगतो. लाकडाच्या लगद्याचा कागद तपकिरी होतो, शाई फाकते, आणि प्रतिमा साफ करताना ‘बारीक डाग काढा’ ही आज्ञा दिली की डागांबरोबर अनुस्वारही जातात. मी ती आज्ञा बंद ठेवायला सांगतो. कंत्राटदार पाने उजळ दिसावीत म्हणून ती हमखास चालू करतात. पुढे टंकलेखक जुने लेखन आजच्या नियमांत बसवतात. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले हे त्यांना पाठ असते. आदरार्थी बहुवचनाचा अनुस्वार दिलाच पाहिजे, हे त्याच नियमांत लिहिलेले मात्र कोणी वाचत नाही. मग ‘तें’ बरोबर ‘त्यांस’चेही टिंब उडते.

त्या दिवशी अडलो ते १९२० च्या आधीच्या एका साप्ताहिकातल्या सभेच्या बातमीवर. पाच वक्ते. चौघांच्या नावाआधी रा. रा., आणि पुढे प्रत्येकाला ‘त्यांस’. पाचव्यांच्या नावाला आधी काही नाही, नंतर जात. त्यांच्या ओळीत स्कॅनवर ‘त्यास’ दिसत होते आणि ‘या’च्या वर करडी सावली होती.

मूळ अंक काढला. दहापट भिंग, आणि टॉर्च वरून न धरता कागदाला जवळजवळ टेकवून आडवा. खिळा, म्हणजे छपाईचे धातूचे अक्षर, कागदात रुततो, म्हणून छापलेल्या टिंबाची खाच पडते आणि पान उलटले की बारीक उठाव दिसतो. शाईचा शिंतोडा किंवा किड्याची घाण नुसती वर बसते. इथे खाच होती, शाई जेमतेम. म्हणजे अनुस्वार जुळवला होता, नीट उमटला नव्हता. मात्र दोन ओळींनंतर त्याच वक्त्यांसाठी ‘म्हणाला’ आहे, आणि ते स्वच्छ छापले आहे.

मग ‘त्यांस’ कोणाचे? बातमीदाराने तसे लिहिले आणि क्रियापदापाशी सवयीवर गेला? की खिळे जुळवणाऱ्याने चौघांना ‘त्यांस’ जुळवले, म्हणून हात पाचव्यांदाही तिथेच गेला? की मुद्रितशोधकाने सर्वनाम सुधारले आणि क्रियापद नजरेतून सुटले? हस्तलिखित आणि मुद्रिते उरलेली नाहीत. सहकारी म्हणाले, छापण्याची चूक लिहा आणि पुढे चला. ते मला पटले नाही. ‘चूक’ म्हटले की त्या माणसाला मान मिळणे हीच चूक ठरते.

अभ्यासकांना दिलेल्या तक्त्यात मी तीन रकाने वेगळे केले. पाचव्यांच्या ओळीत लिहिले : उपाधी नाही, सर्वनाम आदरार्थी, टिंब खाचेवरून वाचले, क्रियापद एकेरी. त्याच वक्त्यांचे नाव पुढच्या अंकांत येते का, ते शोधतो आहे. लगेचचे दोन अंक आमच्याकडे नाहीत.