पोरीचं ॲडमिशन आणि माझी फाईल

आमच्या पोरीचं इंजिनिअरिंगचं ॲडमिशन २०२५ ला झालं. तेव्हापासून ओळखीचे लोक फोन करून विचारतात की काय काय लागतं, कुठं जायचं, किती पैसे गेले, आणि दरवेळी मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं म्हणून एकदाच लिहून टाकतोय. मी काही शिकलेला माणूस नाही, दहावी झाल्यावर आयटीआय केलं आणि तेव्हापासून मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, विहिरीवरच्या मोटारी भरून देतो. आम्ही पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचे. त्यामुळं पुण्या-मुंबईच्या आईबापांना यातलं बरंचसं माहीतच असेल, त्यांनी सोडून द्या.

मला वाटलेलं पोरगी अभ्यास करेल, सीईटी म्हणजे इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा देईल, मार्क पडतील आणि आपण फी भरायची. एवढंच बापाचं काम. प्रत्यक्षात अभ्यासाचं टेन्शन तिचं आणि कागदांचं माझं अशी वाटणी झाली, आणि खरं सांगू का, माझाच पेपर जास्त अवघड होता.

आम्ही ओबीसी, सुतार. जातीचा दाखला होता पण ॲडमिशनला नुसता दाखला चालत नाही, व्हॅलिडिटी लागते म्हणजे जात पडताळणी समितीचं प्रमाणपत्र. ती अकरावी-बारावीतच कॉलेजच्या सही-शिक्क्यानं अर्ज करून मिळवायची असते. बारावीचा निकाल लागल्यावर पळापळ करणाऱ्यांचं काय होतं ते मी बघितलंय, पावतीवर ॲडमिशन घेतात आणि मग मुदतीत व्हॅलिडिटी आली नाही तर जीव टांगणीला. आम्ही पोरगी अकरावीत असतानाच सुरू केलं ते फक्त तिच्या सरांनी मागं लागून करायला लावलं म्हणून.

तर ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, घरातल्या रक्ताच्या माणसाचा, ज्यात जात लिहिलीय. माझे वडील शाळेत गेलेले ते मूळ गावी, चौथीपर्यंत. मी शाळेत गेलो, हेडमास्तर बाईंनी कपाट उघडून जुनं जनरल रजिस्टर काढलं, पानं हात लावला की तुटतायत, आणि १९५४ सालच्या पानावर वडिलांचं नाव सापडलं. जातीच्या रकान्यात सुतार, बरोबर. पण आडनावाच्या जागी पण सुतारच! आमचं आडनाव गावावरून पडलेलं, ते नंतर माझ्या शाळेच्या दाखल्यावर लागलं, आणि त्या काळच्या मास्तरांनी सगळ्या बलुतेदारांना धंद्याचंच आडनाव चिकटवलेलं. आता हे दोन्ही सुतार आणि आम्ही एकच हे सिद्ध कोण करणार? मग वंशावळ, प्रतिज्ञापत्र, चुलत्याचा दाखला, चुलत भावाला आधीच मिळालेली व्हॅलिडिटी (ही असेल तर सोन्याहून पिवळं, आधी भावकीत चौकशी करा, आम्ही सगळी धावपळ केल्यावर कळलं की चुलत भावाच्या कपाटात ती तीन वर्षं पडून आहे). त्या पानाचा फोटो मी मोबाईलमधे ठेवलाय. वडील जाऊन नऊ वर्षं झाली, त्यांची जन्मतारीख मला त्या पानावरून पहिल्यांदा कळली.

व्हॅलिडिटी आली सात महिन्यांनी. मी मिठाई वाटली. बायको म्हणाली अजून पोरीची बारावी व्हायचीय आणि तुम्ही पेढे कसले वाटताय.

पुढची गंमत नॉन क्रिमिलेयरची, म्हणजे ओबीसीतल्या जास्त उत्पन्नवाल्यांत आपण नाही असा दाखला. हे ज्यांना लागतं त्यांनी नीट वाचा. हा दाखला प्रांत ऑफिसातून मिळतो, उत्पन्नावर, ८ लाखाच्या आत पाहिजे. मी हुशारी करून आधीच्या डिसेंबरमधेच काढून ठेवला आणि फाईलला लावून निवांत झालो. जुलैमधे कॅपचा (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा) फॉर्म भरला, ई-स्क्रुटिनीला म्हणजे ऑनलाइन तपासणीला कागद अपलोड केले, दुसऱ्या दिवशी क्वेरी आली की नॉन क्रिमिलेयरची मुदत संपलीय. कसं संपलं, सात महिने झालेत फक्त! तर त्याच्यावर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ३१ मार्च २०२५ पर्यंत वैध. ॲडमिशनला ३१ मार्च २०२६ पर्यंतचा पाहिजे होता. एकाच वर्षाच्या उत्पन्नावर काढला की एकाच वर्षाचा मिळतो, तीन वर्षांचं उत्पन्न दाखवलं की तीन वर्षांचा मिळू शकतो, हे मला दाखला काढून देणाऱ्यानं सांगितलंच नाही आणि मी विचारलं नाही. मग परत तलाठी भाऊसाहेब, परत तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, परत सेतू, परत प्रांत. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असं निघालंय पण आम्ही आपलं भाऊसाहेबच म्हणतो. भाऊसाहेबांकडं तीन गावं, आज या चावडीत तर उद्या त्या. पहिल्या दिवशी गेलो तर मीटिंगला गेलेले, दुसऱ्या दिवशी सर्व्हर डाऊन. दुकानात नऊ मोटारी भरायच्या पडलेल्या आणि मी झाडाखाली बसून वाट बघतोय. पावती मिळाली ती अपलोड केली, मूळ दाखला नंतर दिला, निभावलं.

आता मेन गोष्ट, ऑप्शन फॉर्म, म्हणजे कुठलं कॉलेज आणि ब्रँच पाहिजे त्याची पसंतीनं लावलेली यादी. इथं आमची घरात खरी भांडणं झाली आणि चूक माझी होती हे आधीच कबूल करतो.

पोरीला सीईटीला ९४ च्या आसपास पर्सेंटाइल. मला वाटत होतं कॉम्प्युटर घ्यावं, सगळ्यांचीच पोरं कॉम्प्युटरला चाललीयत, शेजारच्याचा पोरगा हिंजवडीत आहे. ती म्हणायची इलेक्ट्रिकल. मी म्हणालो अगं मी आयुष्यभर तेच करतोय, हात काळे, पाठ गेली, तू पण तेच करणार? ती सहावी-सातवीत असल्यापासून दुकानात येऊन बसायची, जळालेल्या मोटारीतली कॉईल काढली की वेढे मोजून वहीत लिहायचं काम तिचं, पाच एचपीची किती, साडेसातची किती. तिनं मला एकच विचारलं, "पप्पा, तुम्ही वेढे किती घालायचे ते जुनी कॉईल बघून ठरवता. पण तेवढेच का, ते तुम्हाला माहितीय का?" मला काही बोलता येईना, कारण खरंच माहीत नाही. पण राग आला ते पण खरंय.

तर मी काय केलं, तिला न सांगता तिचा लॉगिन घेऊन नेट कॅफेवाल्याकडं गेलो. तो दरवर्षी शेकडो फॉर्म भरतो असं त्याचं म्हणणं. तो म्हणाला काका, पहिल्या राऊंडला जवळचं खात्रीचं प्रायव्हेट कॉलेज कॉम्प्युटरला एक नंबरला टाकू, सीट हातात पडेल, मग दुसऱ्या राऊंडला आरामात चांगली कॉलेजं टाकू. मला एकदम पटलं. हातातलं सोडून पळत्याच्या मागं कशाला लागायचं. तिची पंचवीस-तीस कॉलेजांची यादी होती (३०० पर्यंत टाकता येतात), ती खाली सरकवली, आमचं खात्रीचं वर घेतलं आणि त्यानं कन्फर्मला दाबलं.

ओटीपी गेला पोरीच्या मोबाईलवर.

तिचा फोन आला, "पप्पा, हा ओटीपी कशाचा आलाय?" मी म्हणालो तू फक्त सांग. ती म्हणाली कुठं आहात. दहा मिनिटात स्कूटीवर हजर, केस पण बांधलेले नव्हते. दुकानदाराच्या समोर तिनं मोबाईलवर माहिती पुस्तिकेची पीडीएफ काढून दाखवली. २०२५ चा नियम असा की पहिल्या राऊंडला पहिला ऑप्शन लागला तर सीट ऑटो फ्रीज, म्हणजे तेच घ्यायचं, पुढच्या राऊंडला जाता येत नाही. दुसऱ्या राऊंडला पहिल्या तीनपैकी काही लागलं तर फ्रीज, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी, आणि चौथ्याला जे लागेल ते. म्हणजे खात्रीचं कॉलेज वर टाकलं असतं तर ते पहिल्याच फटक्यात लागलं असतं आणि पोरगी तिथंच अडकली असती, घेतलं नसतं तर कॅपच्या बाहेर. आधीच्या वर्षी तीनच राऊंड होते, आणि कॅफेवाल्याच्या डोक्यात भलतंच काहीतरी बसलेलं. त्याला मी दोष देत नाही फार, फॉर्म माझ्या पोरीचा होता, पुस्तिका मी वाचायला पाहिजे होती. पानं बरीच आहेत, इंग्लिश आहे, पण पोरीनं वाचली होती ना.

घरी येताना ती गाडी चालवत होती आणि मी मागं बसलेलो. एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर आईला म्हणाली, "पप्पांना सांग, कागद त्यांचे, फॉर्म माझा." आणि तेच मग ठरलं. यादीत सर्वात वर तिला खरंच पाहिजे ते, मग जरा खालचं, मग त्याखालचं, खात्रीचं सगळ्यात शेवटी. गेल्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ घेऊन ती रात्री बसायची आणि मला पण शिकवलं तिनं, त्यातले कोड असतात, सुरुवातीला जी म्हणजे जनरल आणि एल म्हणजे लेडीज, मुलींसाठी ३० टक्के जागा असतात त्या, मधे जातीचा गट, आणि शेवटी एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी (आपल्या भागातलं विद्यापीठ), ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे स्टेट लेव्हल. मी मोटारीच्या नेमप्लेट वाचतो तसं हे वाचायला लागलो नंतर नंतर. टी लागलेला कोड दिसला तर ती टीएफडब्ल्यूएसची सीट, ट्यूशन फी माफ, पण त्यावर ॲडमिशन घेतलं तर पुढं ब्रँच किंवा कॉलेज बदलता येत नाही, आणि ओबीसी मुलीला फी तशी पण माफ आहे, म्हणून आम्ही त्यात पडलो नाही.

पहिल्या राऊंडला पाचवा ऑप्शन लागला. हजार रुपये सीट ॲक्सेप्टन्स भरून ती ठेवली आणि पुढं बेटरमेंटला, म्हणजे यादीतलं वरचं मिळतं का बघायला, गेलो. दुसऱ्या राऊंडला दुसरा ऑप्शन लागला, सांगलीचं वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज, इलेक्ट्रिकल. फ्रीज. त्या दिवशी दुकानात एक गिऱ्हाईक मोटर अजून का झाली नाही म्हणून ओरडत होतं आणि मी त्याला चहा पाजला.

पैशाचं सांगतो. आम्ही आधी बँकेत जाऊन आलेलो, साहेबांनी सांगितलं शिक्षणाच्या लोनला ठरावीक रकमेपर्यंत तारण लागत नाही, विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करा, कोर्स संपून एक वर्षानं हप्ते सुरू होतात. मी फॉर्म आणून ठेवला होता. पण ८ जुलै २०२४ च्या जीआरनं ओबीसी, ईडब्ल्यूएस (खुल्या गटातले आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसीच्या (मराठा आरक्षणाच्या गटातल्या) मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखाच्या आत असेल आणि ॲडमिशन कॅपमधून असेल तर प्रोफेशनल कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ झालीय. त्याआधी निम्मी होती. हे कळल्यावर लोनची गरजच राहिली नाही. फक्त लक्षात ठेवा, ट्यूशन फी माफ म्हणजे सगळी फी माफ नाही, डेव्हलपमेंट फी, डिपॉझिट, हॉस्टेल, मेस हे आपल्याच खिशातून. कॅपच्या बाहेर मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं तर यातलं काहीच मिळत नाही, आमच्या ओळखीतल्या एकानं घाई करून तसं घेतलं आणि आता दरवर्षी लाखाच्या वर भरतोय.

आणि हे आपोआप होत नाही, महाडीबीटीवर म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर अर्ज करावा लागतो. तिथं आमची गाडी परत अडकली. आधारला जो मोबाईल जोडलेला तो तिच्या मामाचा जुना नंबर, सिम कधीच बंद. ते बदलायला आधार केंद्रात एक दिवस. मग अर्ज भरला तर बँक खात्यात घोळ. तिचं शाळेत असताना काढलेलं एक खातं आणि पोस्टाचं एक, मी शाळेच्या खात्याचं पासबुक जोडून बसलो, पण डीबीटीचे (सरकारकडून थेट खात्यात येणारे) पैसे आधार ज्या खात्याशी सीडिंग केलंय म्हणजे जोडलंय तिथंच जातात, आणि ते सीडिंग एका वेळी एकाच खात्याला असतं, ते होतं पोस्टाच्या. आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंग स्टेटस बघता येतं, दोन मिनिटाचं काम, आधी बघा. हॉस्टेल नाही मिळालं तर ओबीसी मुलामुलींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, महापालिका हद्दीत वर्षाला ५१ हजार, पुण्या-मुंबईकडं ६० हजार, पण जागा मोजक्या असतात. आमच्या पोरीला कॉलेजचंच हॉस्टेल मिळालं म्हणून आम्ही त्यात गेलो नाही.

सोडायला गेलो तेव्हा मी फाईल तिच्याकडं द्यायला लागलो तर म्हणाली ओरिजिनल तुमच्याकडंच ठेवा, मला स्कॅन पुरेत. मधे एकदा रात्री अकराला फोन आला, मला वाटलं काय झालं, तर म्हणते, "पप्पा, वेढे किती घालायचे त्याचं सूत्र आलं आज." आणि वीस मिनिटं सांगत बसली. मला निम्मं कळलं. दुसऱ्या दिवशी पाच एचपीची एक मोटर होती, उगीच मांडून बघितलं, जुन्या कॉईलच्या जवळपास आला आकडा.

महाडीबीटीचं रिन्यूअल दरवर्षी करायचं असतं आणि उत्पन्नाचा दाखला नवीन लागतो. भाऊसाहेब सोमवारी आमच्या चावडीत असतात. सोमवारी दुकान उशिरा उघडेल.