दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातलं मीठ

गेल्या उन्हाळ्यात भाऊ आणि वहिनी आठ दिवस गावी गेले आणि त्यांचं मुलुंडचं घर, बाल्कनीतल्या कुंड्या आणि एक मांजर माझ्या ताब्यात आलं. पहिल्याच दिवशी दुधी फोडणीला टाकला आणि मीठ सापडेना. मिसळणाच्या डब्याशेजारी नाही, ओट्याखालच्या ट्रॉलीत नाही. फडताळात स्टीलचे डबे ओळीनं उभे होते, प्रत्येकावर नाव कोरलेलं. पण ‘चहा’मध्ये साबुदाणा निघाला आणि ‘साखर’मध्ये रबरबँड आणि विजेची बिलं. शेवटी वहिनीला फोन लावला. ती म्हणाली, “अहो ताई, जिथं असतं तिथंच आहे की.”

तेलाच्या कॅनमागे, कॉफीच्या जुन्या बाटलीत होतं. वहिनी खोटं बोलत नव्हती. तिचा हात न बघता तिथंच जातो.

वहिनीच्या घरून हमरस्त्यापलीकडची मिठागरं दिसतात. मे महिन्यात तिथं पांढरे ढीग लागलेले असतात, पावसाळ्यात नुसतं पाणी. ते ढीग बघता बघता, दिवाळी अंकासाठी “काहीतरी हलकंफुलकं द्या” म्हणणाऱ्या संपादकांना मी मिठावर लिहिते असं सांगून टाकलं. मीठ म्हणजे काय, चिमूटभर विषय. एका दुपारी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊ, मिठाचं कपाट उघडू, चार पुस्तकं चाळू, संध्याकाळी घरी. असा माझा हिशेब.

आमच्या कॉलेजच्या काळी कॅटलॉग म्हणजे लाकडी खणांचं कपाट असे. खणात हाताच्या पंजाएवढी कार्डं, तळाशी भोक पाडून पितळी सळईत ओवलेली, म्हणजे कुणी उपटून नेऊ नयेत. लेखकाचं एक कार्ड, नावाचं एक, विषयाचं एक. मधूनच एखाद्या कार्डावर नुसतं ‘पाहा’ किंवा ‘हेही पाहा’. मला ही ‘हेही पाहा’ कार्डं फार आवडायची. शेजारीण गप्पा संपवून दारापर्यंत गेल्यावर वळून “आणि हो, तुला सांगायचं राहिलं” म्हणते ना, त्या जातीची.

आता कपाटाच्या जागी संगणक आहे. ग्रंथालयात ‘कोहा’ नावाची प्रणाली आहे. ती न्यूझीलंडमध्ये तयार झाली आणि फुकट वाटली गेली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. भेट मिळालेल्या वस्तूला नावं ठेवू नयेत, म्हणून पुढची तक्रार मी तिच्याविरुद्ध करत नाही. तक्रार आपल्या शुद्धलेखनाविरुद्ध आहे.

मी ‘मीठ’ टाइप केलं, ‘मी’ दीर्घ, शाळेत शिकवलं तसं. चार नोंदी आल्या. चारच? मग लक्षात आलं. मीठ दीर्घ, पण विभक्ती लागली की मिठाचा, मिठाला, मिठागर, सगळं ऱ्हस्व. या नियमापायी आमच्या पिढीनं वहीवर किती लाल रेघा खाल्ल्या. संगणकाला तो कुणी शिकवलेलाच नाही. त्याच्या लेखी मीठ आणि मिठाचा सत्याग्रह यांची ओळखपाळख नाही. तेव्हा मी ऱ्हस्व ‘मिठ’ टाकून पुढे फुली मारली, म्हणजे पुढे काहीही चालेल. आणि बांध फुटला. मिठागर आलं, पण त्याच्या पुढे मिठाईच्या पाककृती आल्या, ‘मिठी’ या शब्दावर भाळलेले दोन कवितासंग्रह आले, आणि २६ जुलै २००५च्या प्रलयानंतर मिठी नदीवर लिहिलेले जाडजूड अहवाल आले. मीठ शोधायला निघालेली बाई गोडाचा शिरा, आलिंगन आणि महापूर घेऊन बसली.

मराठीचा नाद सोडून इंग्रजीत ‘सॉल्ट’ टाकलं. तिथं वेगळीच जत्रा. पहिल्या पानावर अमेरिका आणि सोव्हिएत रशिया. अण्वस्त्रं आवरण्याच्या त्यांच्या वाटाघाटींचं लघुरूप ‘सॉल्ट’ होतं आणि १९७२ साली त्यातला पहिला करार झाला, त्यामुळे क्षेपणास्त्रांची पुस्तकं माझ्या मिठात. त्यांच्याखाली एक नाव: हेन्री सॉल्ट. हे तर आडनाव! पुढे ढकलणार, तोच पुस्तकाचा विषय दिसला: शाकाहार. लंडनमध्ये बॅरिस्टरी शिकणाऱ्या गांधींनी एका शाकाहारी खानावळीत विकत घेऊन वाचलेलं पुस्तक याच गृहस्थांचं. तोवर आईला दिलेल्या वचनापोटी मांस न खाणारे गांधी ते वाचून मनापासून शाकाहारी झाले, असं त्यांनी आत्मकथेत लिहिलंय. आणि १९३१ साली, म्हणजे दांडीच्या पुढच्याच वर्षी, गांधी गोलमेज परिषदेला लंडनला गेले तेव्हा तिथल्या शाकाहारी मंडळाच्या सभेत म्हातारे सॉल्ट त्यांच्या शेजारी बसले होते. संगणकानं केली ती चूकच. पण कुठल्याही तज्ज्ञानं मिठाची यादी करताना हे नाव घातलं नसतं, आणि माझा लेख तिथंच सुरू झाला असता. (झाला नाही. मला अजून मिठाचं कपाट बघायचं होतं.)

मिठाचं कपाट नाही. काउंटरवरच्या मॅडमना विचारलं तर त्या हसल्या. “कुठलं मीठ हवंय तुम्हाला?” किराणा दुकानातही हा प्रश्न हल्ली विचारतात, आयोडीनवालं, सैंधव की खडे मीठ. पण मॅडमचा प्रश्न खोल होता. त्यांनी मला कागदावर पुस्तकांच्या विषयवार मांडणीचे आकडे लिहून दिले आणि मी पुस्तकांच्या घोड्यांमधून फिरायला लागले.

खाणीतलं मीठ ५५३मध्ये, भूगर्भशास्त्राच्या दगडधोंड्यांत. मिठाचा स्फटिक ५४८मध्ये. ज्या स्फटिकांची आतली रचना क्ष-किरणांनी पहिल्यांदा उलगडली त्यांतलं एक मीठ. उलगडली ब्रॅग या शास्त्रज्ञ बापलेकांनी, १९१३ साली. खायचं मीठ बनवण्याची कृती ६६४मध्ये, साखरेच्या नात्यातली म्हणून एकाच गल्लीत. मिठानं वाढणारा रक्तदाब ६१६मध्ये. त्याच ६१६मध्ये थोडं पुढे थायरॉइड आणि गलगंड, म्हणजे मिठाचा उपकारही तिथंच. १९५६ पासून कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामींनी मिठात आयोडीन घालून गलगंड कमी होतो हे दाखवलं, ते इथं. मिठावरचा कर ३३६मध्ये. मिठासाठी खाल्लेल्या लाठ्या, वडाळ्याच्या आणि शिरोड्याच्या, ९५४मध्ये. आणि बाळाची दृष्ट काढताना ओवाळून टाकायची मीठ-मोहरी? ती कुठे असेल असं वाटतं? दृष्ट लागण्याला स्वतंत्र आकडा आहे, १३३.४२५, आणि तो शंभराच्या घरात आहे, म्हणजे तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्राच्या ओसरीवर. माझ्या आजीला हे कळतं तर ती म्हणाली असती, बरोबरच आहे.

मिठाची ही वाटणी मेल्व्हिल ड्यूईची. १८७६ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, अ‍ॅमहर्स्ट कॉलेजच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या या माणसानं जगातलं ज्ञान दहा घरांत बसवलं, प्रत्येक घरात दहा खोल्या, प्रत्येक खोलीत दहा कोनाडे. घर वस्तूचं नाही, शास्त्राचं. मीठ एक असलं तरी त्याच्याकडे डॉक्टर बघतो, वकील बघतो, खाणवाला बघतो. आणि ज्याची नजर त्याचं पुस्तक. घरं वाटताना स्वतःच्या माणसांना मोठ्या खोल्या द्यायला ड्यूई विसरला नाही. धर्माच्या २००च्या घरात २२० ते २८९ ख्रिस्ती धर्माला, आणि बाकीचं सगळं जग २९०मध्ये दाटीवाटीनं. हिंदू धर्म २९४.५. मराठी साहित्य ८९१.४६. ज्ञानेश्वरांपासून आजच्या कवीपर्यंत सगळे दशांश चिन्हाच्या उजवीकडे. सासरच्या घरात पाहुण्यांसाठी शेवटची खोली असते तसं. पण एक कबूल करायला हवं, आपण वस्तूची फाळणी केलीय हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं शेवटी एक सूची जोडली: मीठ म्हटलं की कुठल्या कुठल्या घरात जायचं ते सांगणारी. मॅडमनी मला कागदावर लिहून दिलं ते तेच.

याला आपल्याकडून एक उत्तर गेलं. शियाळी रामामृत रंगनाथन हे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवत. १९२४ साली विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि काही दिवसांतच इतके कंटाळले की परत शिकवायला घ्या म्हणून सांगायला गेले. आधी लंडनला तर जाऊन या, मग बघू, असं म्हणून त्यांची पाठवणी झाली. तिथं एका मोठ्या दुकानात त्यांना मेकॅनोचं खेळणं दिसलं: त्याच पट्ट्या, तेच स्क्रू, जोडाल तसं यंत्र. त्यातून १९३३ साली पुस्तकांच्या वर्गीकरणाची त्यांची कोलन पद्धत आली. विषयाला तयार खोली द्यायची नाही. कोण, कशाचं, काय करतं, कुठे आणि कधी, हे तुकडे जोडून आकडा घडवायचा. ‘विसाव्या शतकातल्या कोकणच्या मिठागरांतल्या कामगारांचे त्वचारोग’ हा विषय ड्यूईच्या घरात अवघडून बसेल, रंगनाथनांकडे मांडी घालून. गणिती माणसाचं काम, सुंदरच आहे. पण तो आकडा इतका लांब होतो की पुस्तकाच्या पाठीवर मावत नाही, आणि शिपायाला वाचून दाखवावा तर तो घरी निघून जाईल. आपल्याकडची बरीच ग्रंथालयं ड्यूईवरच चालतात. अशा वेळी बुद्धीपेक्षा सवय जिंकते, स्वयंपाकघरासारखीच.

मराठी पुस्तकांची गंमत आणखी निराळी. जुनं काही हवं असेल तर मी अजून शं. ग. दाते यांच्या ग्रंथसूचीकडे जाते. १८०० ते १९३७ची मराठी पुस्तकं एका माणसानं गोळा करून नोंदली आहेत. पुढचं हवं असेल तर चक्क अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या कॅटलॉगकडे. पन्नास-साठच्या दशकात आपण खाल्लेला तो अमेरिकन गहू, पी. एल. ४८० नावाच्या तिकडच्या कायद्याखाली आलेला, आठवतोय? त्याचे पैसे आपण रुपयांत चुकते केले आणि १९६२ पासून त्यातल्या काही रुपयांत अमेरिकेनं इथं पुस्तकं विकत घेऊन तिकडच्या ग्रंथालयांना धाडली. त्यात मराठीही भरपूर. पिठाच्या पैशातून मिठाची पुस्तकं! तिथं शोधताना फक्त रोमन अक्षरांच्या डोक्यावर रेघा आणि पोटाखाली टिंबं द्यावी लागतात, आणि ती चुकली तर पुन्हा मिठाई.

तिसऱ्या दिवशी ३३६च्या एका पुस्तकात वाचलं की इंग्रजांनी मिठाची चोरटी ने-आण अडवायला देशाच्या आरपार जकातीची रेषा ओढली होती. १८६९ साली ती सिंधूपासून महानदीपर्यंत २,३०० मैल होती, पहाऱ्याला सुमारे १२ हजार माणसं. आणि त्या रेषेच्या मोठ्या भागावर भिंत नव्हती, काटेरी कुंपण होतं, जिवंत. हे मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. कॅटलॉगमध्ये एकच पुस्तक निघालं, रॉय मॉक्सहॅम यांचं ‘द ग्रेट हेज ऑफ इंडिया’, २००१चं. हे गृहस्थ लंडन विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुन्या पुस्तकांची डागडुजी करणारे. एका जुन्या पुस्तकाच्या तळटीपेत त्यांनी या कुंपणाचा उल्लेख वाचला आणि त्याचे अवशेष शोधत भारतात आले.

आता हे कुठे ठेवलं असेल? मी मनातल्या मनात पैज लावली. इतिहास, ९५४. नाहीतर कर, ३३६. फार तर प्रवास, ९१५. पडद्यावर आकडा आला: ६३५. बागकाम.

मॅडमना दाखवलं. त्यांनी कपाळाला हात लावला. “नावात हेज आहे ना. कुणीतरी घाईत नुसतं नाव बघून नंबर दिलाय.” मॅडम शिपाईमामांना हाक मारून आकडा सांगायला लागल्या, तर मामा अर्ध्यावरच चालू पडले. “कुंपणाचं ना? गुलाबाच्या कलमांच्या शेजारी असतं.”

तिथंच उभ्या उभ्या मी ते चाळलं. १८६७ ते १८७० या काळात त्या रेषेचा कारभार अ‍ॅलन ह्यूम यांच्याकडे होता, म्हणजे पुढे १८८५ साली काँग्रेस स्थापन करणारे, आणि जन्मभर पाखरांच्या मागे हिंडणारे तेच. त्यांनी कुंपण गांभीर्यानं घेतलं होतं. जिथं जमीन खारट तिथं माती बदलली, चर खणले, पाणी फिरवलं, बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, जिथं जे तगेल ते लावलं. मिठाच्या जकातीसाठी एक माणूस शेकडो मैल बागकाम करत होता. १८७९ साली ती रेषा रद्द झाली. कर राहिला, कुंपण वाळून गेलं.

“मॅडम,” मी म्हटलं, “हा नंबर तितकासा चुकीचा नाही हो.”

पण त्यांनी तोवर पाठीवरची चिठ्ठी खरवडायला घेतली होती. डिंक लावला, नवी चिकटवली, ९५४.०३, वरून पारदर्शक पट्टी मारली. मामा हातातलं काम सोडून बघत उभे होते.

“झालं,” ते म्हणाले. “आता कुणी मागितलं तर मला सापडायचं नाही.”