पोरींच्या फुटबॉलला पैसा कधी?

आज संध्याकाळी भाचीला घेऊन ग्राउंडवर गेलते. पोरी जीव तोडून खेळतात हो! एकीच्या बुटाचा सोल पुढनं उघडला, तिनं चिकटपट्टी गुंडाळली नि परत पळाली, आणि तिथंच माझं डोकं फिरलं, कारण कोल्हापुरात फुटबॉलला पैसा नाही असं कुणी म्हणूच नये, शाहू स्टेडियमवर पाटाकडील-शिवाजी या तालीम-मंडळांच्या टीमची मॅच असली की पेठाच्या पेठा तिकडं लोटतात, पोस्टर लागतात, बाहेरचे खेळाडू पैसे मोजून आणतात. पोरींच्या टीमचा विषय निघाला की "बघू पुढच्या वर्षी".

आणि हे फक्त आपल्याकडंच नाही. अमेरिकेच्या बायकांनी चार वर्ल्ड कप जिंकले, तरी पुरुषांएवढ्या पैशासाठी त्यांना कोर्टात भांडावं लागलं, २०२२ ला २.४ कोटी डॉलरवर तडजोड झाली तेव्हा कुठं समान पगाराचं ठरलं. पुरुषांच्या २०२२ च्या वर्ल्ड कपला बक्षिसं ४४ कोटी डॉलरची, बायकांच्या २०२३ च्या वर्ल्ड कपला ११ कोटी!

म्हणे बायकांची मॅच बघतंय कोण. अहो आधी ग्राउंड, कोच, टीव्ही द्या की, मग लोक येतात. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत २०२४ ला खास बायकांच्या क्लबसाठी स्टेडियम उभं राहिलं, कुणीतरी आधी पैसा घातला म्हणूनच ना?

या सीझनला प्रत्येक मंडळानं बजेटातला थोडा हिस्सा पोरींच्या टीमला ठेवावा. आमच्या तालमीच्या मीटिंगला मी हा विषय काढणार म्हणजे काढणारच, कोण कोण सोबत येताय सांगा.