मागे सरकणारं चाक

१४ डिसेंबर २०२५, रविवार

पहाटे साडेपाचला सायकलवरून रत्नागिरी सोडली. भाट्याच्या पुलावर वारा बोचत होता. पावसच्या वाटेवर चढ लागला आणि आयडलरची, म्हणजे चेनच्या जादा कप्पीची, खरखर सुरू झाली. चेन त्या कप्पीवरून वळसा घेते, त्यात पायाची थोडी ताकद जिरतेच. डांबरावर हे जाणवतं. पूर्णगडची खाडी ओलांडून गावखडी, पुढे कशेळी. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पोचलो तेव्हा गवत पिवळंजर्द दिसत होतं.

सायकलची ही फ्रेम पुण्यातल्या मित्राने माझ्या मापाने क्रोमोली पोलादाच्या नळ्या जोडून केली. एरवी मागच्या स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या हलत्या दांड्याचा) पिव्हट, म्हणजे बिजागरी, पेडलच्या आसपास असतो. दगड आला की चाक वर उचललं जातं, पण मागे फारसं हटत नाही, म्हणून सायकल अडखळते. माझा पिव्हट पेडलजवळच्या दातेरी चक्राच्या बराच वर आहे. दणका बसला की चाक मागे सरकत वर जातं. मात्र तसं सरकताना चेन ताणली जाते आणि पेडल उलटं ओढलं जातं. म्हणून चेन पिव्हटजवळून नेणारी ती कप्पी. मित्राने मला हे टेबलावर दोरा ताणून दाखवलं होतं, तेव्हा नुसती मान हलवली होती. बाजारातली १२६ कड्यांची चेनही पुरली नाही, तुकडा जोडावा लागला.

आज कातळावर ते पायांना कळलं. जांभा लांबून सपाट दिसतो. जवळ गेलं की खळगेच खळगे, काठ विटेसारखे उभे. जुन्या सायकलवर अशा प्रत्येक काठाला वेग मरायचा, मग पुन्हा दामटायचं. आज पहिला खळगा आला तसा सवयीने सीटवरून उठलो, दणक्याची वाट बघितली, आणि खालून नुसता एक मऊ 'धप्प'. पाय फिरतच राहिले. पुढचा काठ मुद्दाम बसूनच घेतला. तिसराही. थांबून शॉक पाहिला, तो किती दबला ते दाखवणारी ५० मिलिमीटरच्या दांडीवरची रबरी रिंग शेवटापासून बोटभर अलीकडेच होती. बसल्यावर १५ मिलिमीटर दबावा असं लावलंय, ते बरोबर आहे.

हत्तीच्या कातळशिल्पाच्या बऱ्याच अलीकडे उतरलो. सुमारे १८ मीटरचा हत्ती, त्याच्या पोटात कितीतरी प्राणी कोरलेले. तिथे टायर नेऊच नये, कुणीही.

मग वाडीकडे उतरणारी पाखाडी. सरळ पायऱ्या सुरेख उतरलो. पण दोन दगडी गडग्यांमध्ये ती काटकोनात वळते. तिथे शॉक दबलेला, म्हणजे सायकल आणखी लांब झालेली, आणि पुढचं चाक फिरेना. पाय टेकला. अंगण सारवणाऱ्या आजी हात थांबवून म्हणाल्या, "हळू रे बाबा, शेवाळ आहे अजून." खरंच होतं, चिऱ्यांच्या सांध्यांत, सावलीत. उरलेल्या पायऱ्या सायकल हातात धरून उतरलो. त्या वळणावर ही सायकल चालायची नाही, हे मित्राला कळवायला हवं.

घरी येऊन कप्पी उघडली. तेल आणि तांबडी माती मिळून कुंकवासारखा लगदा झाला होता, तो जुन्या टूथब्रशने काढला. डाव्या पिव्हटचं बेअरिंग बोटाने फिरवलं तर एका जागी अडकतंय. जुलैतच बदललेलं. खारी हवा. ६९०२ नंबरची दोन मागवायची, आणि ग्रीस संपत आलंय.