सात रात्रींत इटली

शनिवारी आम्ही दोनला शटर ओढतो. त्या शनिवारी साडेबाराला चौघं जण आले: तिशीतला मुलगा, त्याची बायको आणि मुलाचे आईवडील. ठाण्याच्या आमच्या ट्रॅव्हल एजन्सीच्या ऑफिसात पाहुण्यांसाठी खुर्च्या तीनच. "बसा ना काका, मी स्टूल मागवते," म्हटलं तर "बरा आहे उभा" म्हणून वडील भिंतीवरचा नकाशा बघायला लागले. मग मीही त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. खर्च ठरवणारा आणि हट्ट करणारा असे दोघं ओळखले की आमचं अर्धं काम होतं. ते दोघं समोर बसलेले होते.

मुलाने मोबाइलवर एक्सेल शीट उघडली. मे महिन्याचा दुसरा आठवडा, सात रात्री, गाडी स्वतः चालवायची. मिलानला उतरायचं, कोमोचं तळं, डोलोमाइट्सचे डोंगर, व्हेनिस, चिंक्वे तेर्रे, फ्लॉरेन्स, टस्कनी, रोम, अमाल्फीचा किनारा आणि परत रोमहून विमान. प्रत्येक ओळीपुढे रंग भरलेला. शीट देखणी होती, यात वाद नाही.

मी त्याच्यासमोरच अंतरांची बेरीज केली. दोन हजार किलोमीटरच्या आसपास आली.

"सात दिवसांत दोन हजार म्हणजे दिवसाला तीनशेसुद्धा नाही," तो म्हणाला. "आम्ही ठाणे-गोवा एका दिवसात मारतो, मॅडम. तेही माणगावचं ट्रॅफिक धरून."

हे वाक्य थोड्याफार फरकाने मी चौदा वर्षं ऐकतेय. हायवेवर हिशोब बरोबरच असतो. मिलान ते नेपल्स हा आ-उनो, म्हणजे ए-वन रस्ता ७६० किलोमीटरचा, १९६४ साली पूर्ण झालेला, वेगमर्यादा १३०, पावसात ११०. तिथे अंतर झरझर कापलं जातं. पण त्या रस्त्यावरून दिसतात ट्रक, बोगदे आणि ध्वनिरोधक भिंती. निसर्ग बघायला गाडी घेतली असेल तर हायवे सोडावाच लागतो, आणि हायवे सोडला की किलोमीटर बदलतात. फ्लॉरेन्स ते सिएना जलद रस्त्याने तासाभराचं काम. तेच अंतर द्राक्षमळ्यांमधून जाणाऱ्या कियांतीच्या जुन्या रस्त्याने दुप्पट वेळ खातं. आणि तो वेळ न थांबता. ग्रेव्हेच्या चौकात कॉफीला थांबलात की गेला अर्धा दिवस. त्यासाठीच तर गेलेलो असतो आपण.

मी कोरा कागद घेतला आणि सकाळी आठ ते संध्याकाळी सात अशा उभ्या रेघा मारल्या. कस्टमरला किलोमीटर दाखवून काही पटत नाही, तास दाखवले की पटतं. नाश्ता, बॅगा भरणं, चेकआउट, गाडीत बॅगा बसवणं, पार्किंग शोधणं, पुढच्या गावी चेक-इन. हॉटेल बदलायचा दिवस असेल तर तीन तास इथेच जातात. त्यांनी सात रात्रींत सहा हॉटेलं धरली होती. उरलेल्या जागेत मी गाडी चालवायचे तास काळे केले. डोलोमाइट्स ते व्हेनिस ते चिंक्वे तेर्रे या दोन दिवसांत पांढरा भाग बोटभर उरला.

"म्हणजे दर वर्षी एकेक करून जायचं का इटलीला?" सून म्हणाली. ती हसत म्हणाली, पण राग होता. तिने अमाल्फीच्या किनाऱ्यावरच्या पोझितानोचे फोटो सेव्ह करून ठेवले होते.

मग मी नेहमीचं शस्त्र काढलं, माझ्याच फजितीची गोष्ट. सुरुवातीच्या वर्षांत एका कुटुंबाला मी फ्लॉरेन्समध्ये ऐन जुन्या शहरातलं हॉटेल दिलं होतं, गाडीसकट. इटलीतल्या बहुतेक जुन्या शहरांच्या मध्यभागी 'झेड-टी-एल' असतो, परवान्याशिवाय गाडी न्यायला बंदी असलेला भाग. तिथे ना फाटक, ना पोलीस. एक पाटी आणि वर कॅमेरा. त्या गृहस्थांना हॉटेल सापडेना, म्हणून ते तीन चकरा मारून आले. परदेशी माणसाला दंड कळवायला तिथल्या कायद्यात ३६० दिवसांची मुदत आहे. आठ महिन्यांनी त्यांच्या घरी तीन पाकिटं आली, प्रत्येक चकरेचं वेगळं. शिवाय गाडी भाड्याने देणाऱ्यांनी पोलिसांना पत्ता कळवल्याचे पैसे आधीच कार्डावरून कापले होते. ते गृहस्थ मला काही बोलले नाहीत, फक्त पाकिटं माझ्या टेबलावर ठेवून गेले. तेव्हापासून शहरात गाडी द्यायचीच नाही हा माझा नियम. रोम, फ्लॉरेन्स पायी बघायचं, शहर सोडायच्या सकाळी गाडी ताब्यात घ्यायची.

मुलगा हे सगळं टिपून घेत होता, तेव्हा बरं वाटलं. टिपून घेणाऱ्याचं काम होतं. त्याला सांगितलं की आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, हजार रुपये फी, वर्षभर चालतो. क्रेडिट कार्ड जो गाडी चालवणार त्याच्याच नावाचं हवं, बाबांचं कार्ड काउंटरवर चालणार नाही. आणि ऑटोमॅटिकच घ्या. रस्त्याची बाजू उलटी, स्टिअरिंग उलट्या बाजूला, त्यात उजव्या हाताने गिअर टाकत घाट चढायची हौस नको.

एव्हाना सव्वा वाजला होता. मी छाटायला सुरुवात केली. डोलोमाइट्स पहिले गेले. मेमध्ये तिथले बरेचसे रोपवे बंद असतात, हिवाळा संपलेला आणि उन्हाळा सुरू व्हायचा असतो. चिंक्वे तेर्रे गेलं, कारण त्या गावांत गाडीचा उपयोगच नाही, ट्रेननेच फिरायचं. व्हेनिसवर दहा मिनिटं वाद झाला. तेवढ्यात मागून आवाज आला.

"ताई, ह्यात टायबर नदी कुठंय?"

वडील नकाशाला नाक लावून उभे होते. चष्मा कपाळावर, आणि बोट रोमवर.

"तिथेच आहे काका, रोममधूनच जाते."

"ते झालं. वर कशी जाते ते बघतोय. नाव दिसत नाही."

मी उठून गेले. नकाशा इटालियन होता, त्यावर 'तेवेरे' लिहिलेलं. ते सांगितल्यावर त्यांनी नुसती मान हलवली आणि बोट निळ्या रेघेवर ठेवून सावकाश वर न्यायला लागले. रोम, ओर्ते, मग पेरुजाच्या बाजूने. आमच्याकडे येणारी माणसं नकाशावर गावं शोधतात. हे गृहस्थ नदी धरून चालले होते, वळण आलं की थांबत, उंचीचे आकडे वाचत. उंबेर्तिदे नावाच्या गावाजवळ बोट थांबलं.

"हे आलं. आता मोंटोने पाहिजे."

इटलीची गावं मला बऱ्यापैकी पाठ आहेत. मोंटोने माहीत नव्हतं.

"बाबा, आत्ता नको ना," मुलगा म्हणाला. मला म्हणाला, "बाबा आर्मीत होते. मराठा लाइट इन्फन्ट्री. सुभेदार म्हणून रिटायर झाले."

मग सुभेदारसाहेबांनी सांगितलं, उभ्याउभ्याच आणि रिपोर्ट दिल्यासारखं. दुसरं महायुद्ध, १० जुलै १९४४, वरच्या टायबरचं खोरं, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. नाईक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनवर जवळून मशिनगनचा मारा झाला. ते स्वतः सोडून सगळे पडले, मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे मशिनगनवर धावून गेले. ग्रेनेड टाकून मशिनगन आणि ती चालवणारा गारद केला, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक.

"पळसगावचे," ते म्हणाले. "माणगावजवळच्या. बेळगावला आम्ही रिक्रूट होतो तेव्हा घाडगे आणि नामदेव जाधव ही दोन नावं आधी कानावर पडली. जाधवांचा व्हिक्टोरिया क्रॉसही इटलीतलाच, सेनिओ नदीवरचा, ४५ सालचा. ते वाचले."

आपल्या रायगडच्या पोराचं तिथे काय आहे, असं मी विचारलं.

"सूर्यघड्याळ. २०२३च्या जुलैत मोंटोनेत उभं केलंय. आमच्या रेजिमेंटच्या व्हॉट्सअॅपवर फोटो आला होता. त्याच्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की आपण सगळे एकाच सूर्याखाली आहोत."

मुलगा शांतपणे म्हणाला, "बाबा, एका घड्याळासाठी अर्धा दिवस जाईल."

त्याचं चूक नव्हतं. एक्सेलच्या बाजूने बोलायला मीही तितकीच तयार होते. पण माणगाव हे नाव दुसऱ्यांदा आलं होतं. पहिल्यांदा ट्रॅफिकसाठी आलं तेव्हा मीही मान डोलावली होती. गणपतीला गावी जाताना त्या नाक्यावर दीड तास अडकले की मी काय काय बोलते, ते इथे लिहीत नाही.

सून नकाशाकडे बघत होती. मग तिने माझ्या कागदावरची पेन्सिल उचलली आणि अमाल्फीवर काट मारली. "तिथे पायऱ्याच पायऱ्या आहेत म्हणे. आईंच्या गुडघ्यांना झेपणार नाही," ती म्हणाली. सासूबाई तासाभरात पहिल्यांदाच बोलल्या: "मला काय, मी खालीच बसले असते." पण काट राहिली.

शटर त्या दिवशी साडेतीनला पडलं. एकदा अमाल्फी आणि व्हेनिस गेल्यावर प्लॅन आपोआप जुळत गेला. रोममध्ये उतरायचं, दोन रात्री पायी. मग जलद ट्रेनने दीड तासात फ्लॉरेन्स, दोन रात्री, पुन्हा पायी. पाचव्या सकाळी गाडी. ए-वनने अरेझ्झो, तिथे युद्धात पडलेल्यांची दफनभूमी आहे आणि तिच्यातच दहन झालेल्या भारतीय सैनिकांचं स्मारक. मग डोंगर ओलांडून सानसेपोल्क्रो, आणि टायबरच्या खोऱ्यातून दक्षिणेकडे जाणारा ई-४५. या रस्त्याला टोल नाही, खड्डे आहेत. मुलाला म्हटलं, घरच्यासारखं वाटेल. मोंटोने करून संध्याकाळी पिएन्झाजवळच्या शेतावरच्या घरात मुक्काम, तीन रात्री एकाच ठिकाणी. वाल दोर्चाचे सरूच्या झाडांचे रस्ते, बान्यो विन्योनीतलं चौकाच्या जागी असलेलं गरम पाण्याचं कुंड, मोंतेपुल्चानो, सगळं तिथून तासाभराच्या आत. दोन हजारांचे जेमतेम सातशे किलोमीटर झाले आणि सहा हॉटेलांची तीन.

व्हिसाची फाइल लावताना दिवसवार कार्यक्रम लिहावा लागतो. पाचव्या दिवसापुढे मी 'मोंटोने, यशवंत घाडगे स्मारक' असं लिहिलं. माझ्या असिस्टंटने विचारलं, स्पेलिंग बरोबर आहे ना, कधी ऐकलं नाही. त्या रात्री मी वाचत बसले. इटलीच्या मोहिमेत ५०,००० भारतीय सैनिक लढले, ५,७८२ परतले नाहीत. तिथे दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीयांचे. घाडग्यांची कबर नाही, कासिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे. या रस्त्यांवरून मी इतकी वर्षं माणसं पाठवत होते.

मे संपता संपता मुलाचा मेसेज आला. सरूच्या रांगा, गाडी, आई दगडी बाकावर पाय पसरून बसलेली. सून फोटोत अजून अमाल्फीवरून थोडी नाराज वाटली, किंवा उन्हामुळे डोळे बारीक केले असतील. दंडाचं पाकीट अजून आलेलं नाही, पण ३६० दिवस व्हायचेत.

सुभेदारसाहेबांचा फोन आठवड्याने आला. मी विचारलं, कसं होतं घड्याळ?

"तासाभराने मागे," ते म्हणाले. "आमचे चिरंजीव म्हणाले, बंद पडलेलं दिसतंय. मी म्हटलं, अरे, उन्हाळ्यात हे लोक आपापली घड्याळं तासभर पुढं करतात. सावलीला कोण पुढं करणार?"

मग म्हणाले, पुढच्या खेपेला सेनिओ नदी बघायची आहे, ऑगस्टमध्ये जमेल का. मी म्हटलं, काका, ऑगस्टमध्ये अख्खी इटली सुट्टीवर असते, एप्रिल धरा. "एप्रिलच धरा," ते म्हणाले. "जाधवांची तारीखही ९ एप्रिलच आहे."